लायन्सना पहिले पान, हर्लिंगला उरलेली जागा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग आणि क्रीडा संपादक
(दैनिकाचे नाव इथे गाळले आहे)

विषय : रग्बी आणि गेलिक खेळांच्या वार्तांकनातील तफावत, आणि माझी वर्गणी

स. न. वि. वि.

मी आपल्या दैनिकाच्या छापील आणि डिजिटल अशा दोन्ही आवृत्त्यांचा वर्गणीदार आहे. मूळचा सांगलीचा, राहतो लिमरिकला. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याला ईमेलने पाठवली आहे. हा मराठी मजकूर इथल्या मराठी मंडळींसाठी आहे. त्यांच्यातही आपले वर्गणीदार आहेत आणि २०२५च्या उन्हाळ्यात त्यांतले बरेचजण माझ्याइतकेच वैतागले होते.

त्या जुलैत लायन्सचा, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या संयुक्त रग्बी संघाचा, ऑस्ट्रेलिया दौरा होता. १९ जुलैला ब्रिस्बेन, २६ला मेलबर्न आणि २ ऑगस्टला सिडनी अशा तीन कसोट्या. त्याच सुमारास आयर्लंडच्या स्वतःच्या, म्हणजे गेलिक, खेळांच्या ऑल-आयर्लंड (काउंटी म्हणजे जिल्हा संघांच्या राष्ट्रीय) फायनल डब्लिनच्या क्रोक पार्कवर: २० जुलैला काठी-चेंडूच्या हर्लिंगची आणि २७ला गेलिक फुटबॉलची. लायन्स ऑस्ट्रेलियात बारा वर्षांनी एकदा जातात, प्रशिक्षक आयर्लंड संघाचेच प्रशिक्षक अँडी फॅरेल, संघात आयरिश खेळाडू भरपूर. जागेची ओढाताण होणार हे मला समजते. पण ओढाताणीत दोन्ही बाजूंना थोडेथोडे सोडावे लागते. इथे एकाच बाजूने सोडले.

सोमवारचा, २१ जुलैचा अंक काढून बघा. हर्लिंगची फायनल आदल्या दिवशीची, ब्रिस्बेनची कसोटी त्याच्याही आदल्या दिवशीची. तरी क्रीडा पुरवणीच्या पहिल्या पानावर कसोटीचे मोठे छायाचित्र, आणि आत मेलबर्नला कोणाला खेळवावे, कोणाला बसवावे यावर दोन स्तंभलेखकांची हमरीतुमरी. फायनलला आतले पान आणि सोबत प्रेक्षकांच्या फोटोंची चौकट. रंगवलेले चेहरे, आजोबा-नातू, झेंडे.

आणि फायनल कोणती होती? मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे. हाच संघ लीगचा विजेता, मन्स्टर प्रांताचा विजेता (ती मन्स्टर फायनल आमच्या गावात पेनल्टींवर सुटली, आम्ही हरलो, तो वेगळा विषय) आणि २००५नंतरच्या पहिल्या ऑल-आयर्लंड विजेतेपदासाठी आसुसलेला. त्या संघाला उत्तरार्धाच्या अख्ख्या पस्तीस-चाळीस मिनिटांत दोन गुण मिळाले. दोनच. टिपरेरी ३-२७, कॉर्क १-१८ (आधी गोल, मग गुण). गोलचे तीन-तीन धरले तर पंधरा गुणांचा फरक. टिपरेरीने मागे एक जादा बचावपटू मोकळा ठेवला होता आणि कॉर्कचे लांब फटके त्याच्याच हाती पडत गेले. गोलरक्षक ऱ्हिस शेलीने पेनल्टी अडवली आणि स्वतः गुणही मारला. १९ वर्षांच्या डॅरा मॅकार्थीने १-१३ मारले. त्याच मोसमात कॉर्कविरुद्धच्या साखळी सामन्यात पहिल्याच मिनिटाला आणि पुढे किलकेनीविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात, असा दोनदा बाहेर काढला गेलेला हा पोरगा.

यातले काय आपल्या अंकात होते? धावफलक होता. ‘कॉर्कचे स्वप्न भंगले’ होते. जादा बचावपटूचा उल्लेख एका वाक्यात. मध्यंतरानंतर कॉर्कने खेळ का बदलला नाही, टिपरेरीचे व्यवस्थापक लिअम काहिल यांनी मध्यंतरात नेमके काय हलवले, यावर आकृती नाही, विश्लेषण नाही, एखाद्या माजी खेळाडूचा स्तंभसुद्धा नाही. त्याच अंकात ब्रिस्बेनच्या लाइनआउटवर बाणांसकट आकृती होती.

माझी तक्रार नुसती पानांची नाही. पाने मोजायला मी पट्टी घेऊन बसलेलो नाही. रग्बी आपण खेळ म्हणून लिहिता. ब्रेकडाउनला चेंडू किती वेगाने बाहेर आला, स्क्रममध्ये कोणाचा खांदा खचला, बदली खेळाडू कितव्या मिनिटाला आले, हे सगळे वाचकाला कळते असे गृहीत धरता, आणि म्हणून वाचकाला हळूहळू कळूही लागते. मी स्वतः रग्बी शिकलो तो आपलीच पाने वाचून, त्याबद्दल आभार. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल मात्र आपण गावच्या उरुसासारखे लिहिता. माती, परंपरा, पॅरिश, आईचे डोळे पाणावले. डोळे पाणावतात, खोटे नाही. पण चेंडू कुठे गेला होता?

२०२५चे फुटबॉल तर याचा उत्तम नमुना आहे. जिम गॅव्हिन यांच्या समितीने आणलेल्या नियमांनी खेळच पालटला. ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन गुण, प्रत्येक संघाचे तीन गडी मध्यरेषेपलीकडे राहिलेच पाहिजेत, गोलरक्षकाची किकआउट (गोलपुढून खेळ पुन्हा सुरू करणारा फटका) कमान ओलांडूनच गेली पाहिजे. म्हणजे छोटी किकआउट देऊन चेंडू जपत बसणे संपले आणि मैदानाच्या मध्यभागी उंच चेंडूसाठी पुन्हा झटापट सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये जीएएच्या (गेलिक खेळांच्या संघटनेच्या) विशेष अधिवेशनात हे नियम कायम झाले. रग्बीत एवढी उलथापालथ झाली असती तर आपण चार भागांची लेखमाला चालवली असती. इथे मोसमाच्या सुरुवातीला नियमांची एक चौकट छापली, वेळ संपल्याच्या नव्या भोंग्यावर दोन-चार विनोद केले आणि थेट केरीने डोनेगॉलला १-२६ ते ०-१९ असे हरवल्याची बातमी दिली. केरी एवढी सहज कशी जिंकली हे समजायला मला कामावरच्या एका केरीवाल्याची मदत घ्यावी लागली. त्याच्याकडे तरी कशाला जावे लागावे? वर्गणी मी आपल्याला देतो.

महिलांच्या खेळांचे तर विचारूच नका. कमोगीला, म्हणजे महिलांच्या हर्लिंगला, २०२५मध्ये आपल्या पहिल्या पानावर जागा मिळाली, एकदा नव्हे, अनेकदा. मे महिन्यात. कारण खेळाडूंना स्कॉर्टऐवजी (आत चड्डी असलेल्या स्कर्टऐवजी) शॉर्ट्स हव्या होत्या. प्रश्न रास्त होता, खेळाडूंचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते, २२ मेच्या अधिवेशनात प्रचंड बहुमताने ते मान्यही झाले. पण १० ऑगस्टला गॉलवेने कॉर्कला १-१४ ते १-१३ असे एका गुणाने हरवून ऑल-आयर्लंड जिंकली, तेव्हा ती बातमी कुठे होती ते आपणच शोधून काढा. पोशाखावर संपादकीय आणि फायनलवर कोपरा, याला काय म्हणायचे?

आपण काय उत्तर द्याल याचा मला साधारण अंदाज आहे, कारण मागच्या एका ईमेलला आपल्या ग्राहक सेवेने वाटाण्याच्या अक्षता लावल्या त्यात यातले बरेचसे होते.

पहिले, रग्बीला राष्ट्रीय संघ आहे. आहेच. हिरवी जर्सी न्यूझीलंडशी भिडते तेव्हा मीही ओरडतो. गेलिक खेळांत काउंटी काउंटीशी खेळते, सबंध देश एका बाजूला उभा राहत नाही. पण या देशात २०००हून अधिक गेलिक क्लब आहेत, आणि क्रोक पार्कच्या ८२,३०० जागांसाठी फायनलच्या आठवड्यात काय धावाधाव असते हे आपल्या वार्ताहरांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. देश म्हणजे फक्त परदेशाशी खेळणारे पंधराजण, अशी आपली व्याख्या असेल तर तसे मास्टहेडखाली छापा. (२०२५मध्ये न्यूझीलंडशी शिकागोतला सामना १ नोव्हेंबरला होता. १८८४मध्ये थर्ल्सच्या हेज हॉटेलात जीएए स्थापन झाली तीही १ नोव्हेंबरलाच. आपण दोन्हींपैकी काय छापले हे सांगायला नको.)

दुसरे, खेळाडू आणि प्रशिक्षक बोलत नाहीत. या मुद्द्यावर मी आपल्या बाजूने आहे. रग्बीचा सगळा कारभार व्यावसायिक: ठरलेल्या दिवशी पत्रकार परिषद, ठरलेल्या दिवशी संघ जाहीर, प्रायोजकाच्या फलकापुढे एक खेळाडू हजर. काउंटी व्यवस्थापक मात्र ताकास तूर लागू देत नाहीत. जाहीर करतात एक संघ आणि मैदानात उतरवतात दुसराच. महिनोन्‌महिने मुलाखतींवर बंदी. जीएएने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला आहे हे खरे. फायनल सप्टेंबरवरून २०२२पासून जुलैत आणल्या, तेव्हा ऑगस्टपासूनचे मोकळे रान रग्बीला आपसूक मिळाले, तेही खरे. आणि १९७१पर्यंत रग्बी खेळणाऱ्याला जीएएत बंदी होती, २००५पर्यंत क्रोक पार्कचे दार रग्बीला बंद होते, हा इतिहास मला माहीत आहे. पण वार्ताहराचे काम पत्रकार परिषदेत मिळाले तेवढेच लिहिणे असेल, तर मग परिपत्रकच छापा. सामना सगळ्यांसमोर उघड्यावर खेळला जातो. तो बघून लिहायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

तिसरे, ऑगस्टनंतर काही घडतच नाही. घडते. क्लबांचे काउंटी सामने, प्रांतिक सामने, जानेवारीत क्लबांच्या ऑल-आयर्लंड फायनल. २०२५च्या १९ जानेवारीला क्वाला आणि ना फिआना हे डब्लिनचेच दोन क्लब एकाच दिवशी फुटबॉलचे आणि हर्लिंगचे राष्ट्रीय विजेते झाले. आपल्या कार्यालयापासून दोन्ही क्लब बसने जाण्याइतक्या अंतरावर आहेत.

चौथे कारण आपण लेखी देत नाही, म्हणून मीच लिहितो. लेन्स्टर स्कूल्स सीनियर कप या शालेय रग्बी स्पर्धेतल्या सतरा वर्षांच्या मुलांवर आपण छायाचित्रासह परिचय छापता. त्यातल्या बहुतेक शाळा भरमसाट फी घेणाऱ्या आहेत. त्याच वयाच्या मुलांची काउंटी मायनर स्पर्धा आपल्याकडे निकालाच्या ओळीत संपते. जाहिरातदाराला कोणता वाचक हवा असतो, हे समजायला मार्केटिंगची पदवी लागत नाही. लिमरिकमध्ये हे आणखी खुपते, कारण इथे रग्बी फीवाल्या शाळांची मक्तेदारी कधीच नव्हती. १९७८मध्ये थॉमंड पार्कवर मन्स्टरने ऑल ब्लॅक्सना (न्यूझीलंडच्या संघाला) १२-० हरवले त्याची गोष्ट इथे गोदी कामगारांच्या घरांतही सांगतात. आणि २०२०पासून सलग चार वर्षे ऑल-आयर्लंड जिंकणाऱ्या हर्लिंग संघाचे व्यवस्थापक जॉन कायली शाळेचे मुख्याध्यापक आहेत, तीही शाळा टिपरेरीत. असे काही रग्बीत असते तर आपण त्यावर पुरवणी काढली असती. इथला माणूस दोन्ही खेळ बघतो. त्याला एक खेळ सविस्तर आणि दुसरा सणापुरता का वाचायला मिळावा?

मला हे सगळे लवकर कळले याचे कारण सांगतो. मी महाराष्ट्रातून आलो आहे. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजेते झाले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्याच आठवड्यात क्रिकेटच्या संघनिवडीवर तिकडे काय धुरळा उडाला होता तो मी फोनवर बघत होतो. तिथे निदान ‘आम्ही क्रिकेटवेडे आहोत’ असे उघड म्हणतात. आपण ‘सर्व खेळांना समान न्याय’ असे वर्गणीच्या जाहिरातीत छापता.

शेवटची बाब तांत्रिक. ॲपमध्ये मी आवडीच्या खेळांत फक्त हर्लिंग, फुटबॉल आणि कमोगी निवडले आहे. तरी रग्बीच्या सूचना येतात, अगदी दुखापतींच्या अफवांसकट. आणि २० जुलैच्या फायनलचा निकाल, सामना संपून बराच वेळ झाल्यावर, आला तो ‘इतर क्रीडा’ या शीर्षकाखाली. हे ज्याने कोणी ठरवले त्याला एकदा क्रोक पार्कला पाठवा. तिकिटाचे पैसे मी देतो, मिळालेच तर.

माझ्या मागण्या अशा. ॲपमधली निवड पाळली जावी. गेलिक खेळांना ‘इतर’ या रकान्यातून काढून स्वतःचा रकाना द्यावा. काउंटी मोसमात प्रत्येक सोमवारी किमान एका सामन्याचे डावपेचांसह विश्लेषण यावे, लिहिणारा कोणीही असो, पण खेळ कळणारा असावा; कमोगी आणि महिला फुटबॉल यांचाही त्यात वाटा असावा. आणि ‘समान न्याय’ हे शब्द जाहिरातीत ठेवायचे असतील तर वर्षभरात कोणत्या खेळाला किती जागा दिली याची आकडेवारी आपणच प्रसिद्ध करावी. ती माझे म्हणणे खोडून काढणारी निघाली तर मला आनंदच होईल.

हे पत्र मी प्रेस ओम्बड्समनकडे पाठवणार नाही. कोणत्या खेळाला किती पाने द्यायची हे ठरवणे त्यांचे काम नव्हे. वर्गणीचे आपोआप होणारे नूतनीकरण मात्र आजच बंद केले आहे. चालू मुदत संपण्याआधी क्रीडा संपादकांच्या सहीचे उत्तर आले तर पुढचा विचार करीन. ग्राहक सेवेचे छापील उत्तर कृपया पाठवू नये, ते माझ्याकडे आहे.

कळावे,
आपला वर्गणीदार,
लिमरिक