जिना बसतच नव्हता

मा. संपादक,

डिझाइन स्टुडिओबद्दल, म्हणजे आर्किटेक्चरला इमारती डिझाइन करायच्या विषयाबद्दल, घरच्यांना वाटतं की मुलं रात्र रात्र जागून नुसती चित्रं काढतात, म्हणून हे लिहितेय. मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, यंदा डिझाइन करायला छोटी लायब्ररी होती, १:२०० ला (खऱ्याच्या दोनशेपट लहान) प्लॅन एकदम मस्त दिसत होता, जिन्यासाठी ३ मीटरचा चौकोन टाकला आणि विसरून गेले. मग १:५० ला, म्हणजे मोठ्या स्केलला, सेक्शन (इमारत उभी कापली तर आत दिसेल ते चित्र) काढायला घेतला तर मजल्याची उंची ३ मीटर, म्हणजे १५० मिमी उंचीच्या २० पायऱ्या, दोन टप्पे केले तरी एका टप्प्यात ३०० मिमीचे ९ ट्रेड, म्हणजे पाय ठेवायच्या जागा (दहावं पाऊल लँडिंगवर किंवा मजल्यावरच पडतं), म्हणजे २.७ मीटर, त्यात १.२ मीटरचं लँडिंग (दोन टप्प्यांमधली सपाट जागा), झाले ३.९! जिना सरळ वाचनकक्षात घुसला, सगळा प्लॅन परत बटर पेपरवर (ट्रेसिंगच्या पातळ कागदावर).

खरं डिझाइन तिथेच सुरू झालं बघा. पण ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडतो तेव्हा, बघतात काय, तर रेंडर, कॉम्प्युटरवर केलेलं खऱ्यासारखं चित्र! सेक्शनवर कुणी बोटसुद्धा ठेवलं नाही. रेंडर नंतर मागा ना, आधी दर आठवड्याला सेक्शन आणि माउंटबोर्डचं (जाड पुठ्ठ्याचं) साधं कच्चं मॉडेल बघा, चुका तिथेच सापडतात.

– एक विद्यार्थिनी