तात्या, कोंबड्यांच्या पायांसाठी मनापासून थँक्यू

तात्या नमस्कार. फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करता, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितोय, रागवू नका.

आपल्या पाटण खोऱ्यात पावसाळाभर नुसती रिपरिप, शेडमधलं तूस कधी वाळतच नाही, त्यात आमची काळी गावरान कोंबडी एका पायावर उभी राहायला लागली. तळव्याखाली फुगवटा आणि मधोमध मिरीएवढी काळी खपली. घरात कोण म्हणे काटा रुतलाय, कोण म्हणे कुरूप झालंय, धाकट्यानं तर सरळ रस्सा करायचा सल्ला दिला. तुम्ही आलात, कोंबडी काखेत धरून पाय उलटा करून बघितला आणि औषधाचं नाव काढायच्या आधी शेडमध्ये शिरलात, हे मला लई आवडलं. बसायला लोखंडी पाइप, तोबी छातीएवढ्या उंचीवर, खाली कोबा. रोज तिथनं धप्पकन उडी, तळव्याला बारीक चीर पडते, ओल्या घाणीतनं स्टॅफिलोकोकस जंतू आत जातो आणि पू घट्ट होऊन खड्यासारखा बसतो, बंबलफूट म्हणतात ते हेच. आमच्या आईलाबी पटलं, म्हणजे बघा.

मग घमेल्यात कोमट पाणी, मेडिकलमधनं आणलेलं एप्सम सॉल्ट, कोंबडी जुन्या टॉवेलात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं पाय पाण्यात. मला वाटलं घर डोक्यावर घेईल, तर बाईसाहेब डोळे मिटून झोपल्याच की! खपली मऊ होऊन आपसूक सुटली तेवढीच काढली, बीटाडीन लावलं, गॉज ठेवून चिकटपट्टीच्या बारीक फिती बोटांमधनं फिरवल्या, करकचून नाही, नाहीतर रक्त अडतं. मलाबी ग्लोव्हज घालायला लावले, कारण हे जंतू माणसालाबी लागतात. व्हिडिओ बघून घरात ब्लेड चालवणाऱ्यांनी एवढं वाचाच, दुसऱ्या कोंबडीचा पाय जास्त सुजलेला, गरम लागत होता, तिला तुम्ही हातबी लावला नाही, सरळ सरकारी दवाखान्यात पाठवली. तिथं डॉक्टरांनी साफ करून अँटिबायोटिक दिलं आणि सांगितलेल्या मुदतीपर्यंत तिची अंडी खायची नाहीत हे बजावलं.

कोंबड्याचं दुखणं वेगळंच निघालं. नडगीवरचे खवले पांढरट होऊन उचललेले, खाली बारीक किडे. शेजारचे काका रॉकेल घेऊन तयारच होते, तुम्ही वेळेत अडवलं, चामडी भाजली असती बिचाऱ्याची. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ टूथब्रशनं धुऊन, पुसून, वरपासून नखापर्यंत व्हॅसलीन, म्हणजे किडे आतच गुदमरतात. काही दिवसांनी परत, असं बरेच आठवडे. खवले उपटायचे नाहीत आणि एकाला झालं तरी सगळ्यांचेच पाय करायचे, हे तर मला माहीतच नव्हतं. नवे खवले यायला महिने लागतात म्हणालात ते खरंय, अजून पाय जरा ओबडधोबडच दिसतोय, पण चाल रुबाबदार झालीय.

आता पाइप काढला. जागेवर दोन-अडीच इंच रुंद लाकडी पट्टी, कडा रंध्यानं गोल करून, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तूस जाड टाकतो, ओलं दिसलं की लगेच बाहेर. मकाबी कमी केलाय, जाड कोंबडीचं सगळं वजन तळव्यावरच येतं ना, आणि शेवग्याचा पाला सुरू केलाय.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पेट्रोलचेसुद्धा. लाल कोंबडी खुडूक झालीय, अंडी बसवलीत. पिल्लांच्या खाली गुळगुळीत पेपर घालू नको, पाय फाकतात, गोणपाट टाक, हे लक्षात आहे. मोठी झाली की दोन तलंगा तुमच्याकडं आणून सोडणार, नाही म्हणायचं नाही, काकूंना मी आधीच विचारून ठेवलंय.