लसीच्या चर्चेत मुलींच्या आयाही असाव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या लसीविषयी अलीकडे वर्तमानपत्रांतून बरेच छापून येते, याचे समाधान वाटते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस 2023 साली उपलब्ध झाल्यापासून 9 ते 14 वयाच्या मुलींचे पालक तिची चौकशी करू लागले आहेत. पण या मुलींच्या आयांचे काय, हा प्रश्न ग्रामीण भागात परिचारिका म्हणून काम केलेली एक स्त्री या नात्याने मला विचारावासा वाटतो. आधीच झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही. तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांना आधार आहे तो तपासणीचा, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम 1.9 टक्के स्त्रियांनी ती आयुष्यात एकदा तरी करून घेतली होती.

तपासणीचे नाव काढताच "माझं तसलं काही नाही, बाई" हे उत्तर मी असंख्य वेळा ऐकले आहे. या कर्करोगाचे कारण असलेला ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, लैंगिक संबंधांतून पसरतो एवढेच लोकांच्या कानावर गेले आहे. तो किती सर्वसाधारण आहे, हे कोणी सांगितलेले नाही. लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतो. त्वचेच्या स्पर्शातून पसरत असल्यामुळे निरोध वापरूनही त्यापासून पूर्ण संरक्षण मिळत नाही. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. मात्र 16 किंवा 18 क्रमांकाचा घातक प्रकार ज्यांच्या शरीरात मुक्काम करून राहतो, त्यांच्यापैकी काहींच्या पेशी हळूहळू बदलत जातात आणि कर्करोग होण्यास साधारण 15 ते 20 वर्षे लागतात. म्हणूनच चाळिशीतल्या स्त्रीचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तरी संसर्ग कधी आणि कोणाकडून झाला, हे त्यावरून कोणालाच सांगता येत नाही. तिच्या चारित्र्याचा निवाडा तर त्यावरून मुळीच करता येत नाही. अशाच एका अहवालानंतर एका बाईला माहेरी पाठवल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या घरी जाऊन हे समजावणे मला तेव्हा जमले नाही, याची खंत आजही आहे.

तपासणीचा उपयोग किती, याचा जगाने मान्य केलेला पुरावा तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील बायकांनी दिला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या सहभागाने 1999 पासून तेथील 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी केवळ एकदाच झाली, तेथे पुढील आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण ज्यांच्या सहभागातून ते हाती आले, त्यांच्या लेकीसुनांना ही तपासणी आजही गावात सहज मिळत नाही.

शासनाने 30 वर्षांवरील स्त्रियांसाठी एचपीव्ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत न्यावी. नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो, त्यामुळे लाजेचा मोठा अडसर दूर होईल. एक गोष्ट मात्र आग्रहाने मागते. अहवाल त्या स्त्रीला एकटीला, दार लावून सांगितला जावा. सासू आणि नवऱ्यासमोर खिडकीतून तिच्या हाती ठेवला जाऊ नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर