चार तारांची फळी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या तंतुवाद्याचं रेखाटन मिळालं. बारा तारा तू वाद्य बनवणाऱ्या युरी लँडमनच्या मूडस्विंगर या वाद्यावरून घेतल्यास, हे दिसतंच आहे. २००६ सालच्या त्या वाद्याला बाराच तारा होत्या. पण तू सध्या चारच लाव. नवी फळी स्थिरावेपर्यंत तारा रोज उतरतात, आणि बारा तारा सुरात मिळवता मिळवता वाजवायचं राहूनच जातं.

माळ्यावरची फणसाची फळी ११० सेंमी लांब, १२ सेंमी रुंद आणि ३ सेंमी जाड अशी रंधून घे. पावसाळाभर तिने ओल धरलेली असणार. खाली दोन पट्ट्या देऊन तीन आठवडे पंख्याखाली ठेव. ओल्या लाकडात भोकं पाडलीस तर दिवाळीनंतर ते आकसेल आणि लाकडी खुंट्या घसरायला लागतील. त्यापेक्षा गिटारच्या चाव्या बसव.

दोन घोड्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या पट्ट्या, बरोबर ९० सेंमी अंतरावर, १० मिमी उंच. मिरजेहून तंबोऱ्याची घोडी मागवायचं तुझ्या मनात आहे, पण ती इथे चालणार नाही. तिच्या रुंद पाठीवर तार घासत कंप पावते, त्यातूनच जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो गुंजता नाद, येते. पण त्यामुळे तारेचं टोक एका जागी राहत नाही. आपल्याला टोक पक्कं हवं, म्हणून शिसमाची धारदार कडेची पट्टी लाव.

तार सतारीची पोलादी, ०.३० मिमी. गिटारची तयार तार जेमतेम मीटरभर असते, आखूड पडेल. चारही तारा पेटीच्या खालच्या सफेद दोनला, म्हणजे १४७ हर्ट्झला मिळव. प्रत्येक तारेवर साधारण ४ किलो ताण येतो, तेवढा फळी सहज पेलते.

आता तिसरी घोडी. तारांखालून १२ मिमीची गुळगुळीत कांब सरकव. बांधकामाची पिळाची सळई नको. २० मिमीची घेतलीस तर तार इतकी उचलली जाते की सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो. कांब एका टोकापासून ३० सेंमीवर ठेव आणि आखूड बाजू छेड. हात न लावलेली ६० सेंमीची बाजू आपोआप गुंजू लागेल, कारण तिचा दुसरा स्वरांश, म्हणजे तार दोन भागांत कंप पावते तेव्हाचा सूर, आणि आखूड बाजूचा मूळ सूर एकच आहेत. खात्री करायची तर कागदाची बारीक घडी त्या लांब बाजूवर घोडीपासून १५ सेंमीवर बसव. छेडल्याबरोबर ती उडून पडेल. तीच घडी ३० सेंमीवर, म्हणजे त्या बाजूच्या मधोमध ठेवलीस तर जागची हलणार नाही. कांब तीन-चार मिमी इकडेतिकडे झाली की गुंजन मरतं. ४५, २२.५ आणि १८ सेंमी, म्हणजे तारेचा अर्धा, चौथा आणि पाचवा भाग, या जागाही पेन्सिलने आखून ठेव.

आवाज उचलायला २७ मिमीची पिझो चकती, म्हणजे कंपनांची वीज करणारी चकती, घोडीजवळ फळीला चिकटव. ती थेट साध्या मिक्सरला जोडली की खर्ज नाहीसा होतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. चकतीची धारिता (वीज साठवायची क्षमता) साधारण २० नॅनोफॅरड. १० किलोओहमच्या इनपुटवर सुमारे ८०० हर्ट्झखालचं सगळं गळतं. १ मेगाओहम इनपुटचा प्रीअँप, म्हणजे मिक्सरआधीचा छोटा वर्धक, मध्ये घाल. तोवर फळी तेलाच्या रिकाम्या डब्यावर टेकवलीस तरी चालेल.

खाऱ्या हवेत पोलाद टिकत नाही. गंजलेली तार सगळीकडे सारख्या वजनाची राहत नाही, मग आखलेल्या जागा चुकतात आणि दोष कांबेवर जातो. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पूस, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरव.

मित्रांबरोबर उपज करायला, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवायला, बसाल तेव्हा पहिल्या दिवशी कांबेच्या तीनच जागा ठरवा आणि दहा मिनिटं त्यांतच राहा. एकाने कांब हलवली की त्या जागेचा नाद विरेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. सगळे एकदम वाजवू लागले की लांब बाजूचं गुंजन कुणालाच ऐकू येत नाही, आणि त्याच्यासाठीच तर हे वाद्य आहे.

लांब तारांचं वाद्य करणाऱ्या एलेन फुलमनसारखी लांब तार नंतर करू. राळ लावलेल्या बोटांनी ती लांबीच्या दिशेने घासतात. तिथे ताण बदलून सूर फारसा बदलत नाही, लांबी आणि धातू यांवर ठरतो. पोलादाची १० मीटरची तार साधारण २५० हर्ट्झ देते. पडवीच्या दोन टोकांच्या खांबांमधलं अंतर मोजून कळव, आणि खांब हलवूनही बघ.

आई