बाबा, ती निळी पावडर मी आणणार नाही

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुमचा मेसेज वाचला, सोबतचा व्हिडिओही पाहिला. "तुझ्या पोटाला चिनी औषध लागू पडलं, मग मला का नाही? येताना ती निळी पावडर घेऊन ये." फोनवर बोललो असतो तर दोघांचेही आवाज चढले असते आणि आईने मधेच जेवणाचा विषय काढला असता. म्हणून लिहिते.

आधी माझं. मला आयबीएस आहे, म्हणजे तपासण्यांत काही सापडत नाही तरी पोट बिघडतं, असा आजार. कोलोनोस्कोपी स्वच्छ, रक्त स्वच्छ, तरी मीटिंग म्हटली की पोटात कळ येते आणि पळावं लागतं. इथे ऑस्ट्रेलियात २०१२पासून चिनी वैद्यांना देशपातळीवर नोंदणी सक्तीची आहे. मी जाते त्या बाई नोंदणीकृत आहेत. जीभ बघतात, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघतात. त्यांचं निदान आईला आवडेल: चिडतं यकृत, भोगते प्लीहा. मग कागद पसरून त्यावर चार औषधं तोलून घालतात. बाय झू, फांग फंग, खडूच्या चकत्यांसारखं दिसणारं बाय शाओ आणि छेन फी. हे शेवटचं म्हणजे संत्र्याच्या जातीतल्या फळाची वाळवलेली साल, जितकी जुनी तितकी भारी. काढा उकळायला ठेवला की घरभर वास सुटतो. पण आई, कडूपणात तुझ्या कुड्याच्या पाळाच्या काढ्याला तोड नाही.

मला फरक पडलाय. पण काढ्याने किती आणि कुणीतरी निवांत बसून माझं ऐकून घेतलं त्याने किती, हे मला सांगता येणार नाही. इथेच सिडनीत ११६ आयबीएस रुग्णांवर चाचणी झाली होती, १९९८ साली प्रसिद्ध झाली. काहींना सगळ्यांसाठी एकच चिनी मिश्रण, काहींना प्रकृती बघून वेगवेगळं, आणि काहींना खोटं, म्हणजे नुसतं दिसायला औषध दिलं. खोट्या औषधापेक्षा चिनी औषधाने जास्त आराम पडला, आणि औषध थांबवल्यावरही तो टिकला तो ज्यांना प्रकृती बघून दिलं होतं त्यांचाच. पुढे हाँगकाँगला ११९ जणांना ११ वनस्पतींचं एकच ठरावीक मिश्रण दिलं, तर खऱ्या-खोट्यात काही फरक निघाला नाही. म्हणजे माझी पुडी माझ्यापुरती. ती आयबीएस असलेल्या दुसऱ्यालाही लागू पडेलच असं नाही, आणि तुम्हाला तर आयबीएस नाहीच.

तुम्हाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. आतड्याला जखमा आहेत, रक्त पडतं. व्हिडिओतली निळी पावडर म्हणजे छिंग दाय, निळीच्या झाडांच्या पानांपासून काढलेली. ती थोतांड नाही, आणि मला भीती त्याचीच आहे. जपानमध्ये ८६ कोलायटिस रुग्णांवर तिची चाचणी झाली, पावडर घेणाऱ्यांत दहापैकी सात-आठ जणांना गुण आला. पण ती चाचणी मधेच थांबवावी लागली. कारण जपानमध्ये स्वतःच विकत आणून ही पावडर घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचे रुग्ण सापडले होते आणि २०१६ मध्ये सरकारने इशारा काढला होता. हा दाब आपल्या बीपीच्या मशीनवर दिसत नाही. दम लागायला लागतो, आणि तुम्ही म्हणणार, वय झालं.

बीपीवरून आठवलं. बऱ्याच चिनी काढ्यांत गान्साओ असतं, ते आपल्या ज्येष्ठमधाच्याच कुळातलं. जास्त पोटात गेलं की बीपी वाढवतं. तुमची बीपीची गोळी चालू आहे, हे पुडी विकणारा विचारणार आहे का?

तर मी पावडर आणणार नाही, आणि कुरिअरने मागवलीत तर आई मला सांगणार आहे. तिने आणखीही एक सांगितलंय: कोलायटिसच्या मेसालामिनच्या गोळ्या तुम्ही एक दिवसाआड घेताय, बरं वाटतंय म्हणून. तुम्हाला बरं वाटतंय ते त्या गोळ्यांमुळेच, बाबा. सोमवारी डॉक्टरांकडे जा, गोळ्यांचं खरं काय ते सांगा आणि छिंग दायचंही विचारा. चिठ्ठीवर नाव लिहून न्या. माझ्यावर विश्वास नसेल तर त्यांच्यावर ठेवा.

आणि तो व्हिडिओ काकांच्या ग्रुपवर टाकला असेल तर काढून टाका.

तुमची,
मनू

ता. क. आई, या खेपेला लोणचं नको. विमानतळावर काढून घेतात.