तुझ्या मुलाबद्दल, आणि माझ्या मुलीबद्दलही

प्रिय मित्रा,

सलाम. तुझा मेसेज सकाळी बघितला, रात्री एकला पाठवलेला होता, त्यावरूनच कळलं किती लागलंय तुला ते. "म्हणतो यापुढे चर्चला येणार नाही, मला यातलं काही खरं वाटत नाही, मी कुठे चुकलो सांग." दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण फोनवर दोन ओळींत देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आज निवांत बसून लिहितोय, लांबणार आहे, सावकाश वाच आणि वहिनींनाही वाचायला दे.

पहिलं म्हणजे तो तुझ्याशी खरं बोलला रे. चौदा वर्षांचा मुलगा बापासमोर उभा राहून हे बोलतो, तुला काय वाटेल हे पूर्ण माहीत असून बोलतो. त्याला गप्प राहता आलं असतं, दर रविवारी तुझ्या शेजारी उभा राहून गाण्याला नुसते ओठ हलवले असते आणि चार वर्षांनी घराबाहेर पडल्यावर सगळं सोडून दिलं असतं, तुला पत्तासुद्धा लागला नसता. त्याला वाटलं पप्पांना सांगता येईल, म्हणून सांगितलं. ही गोष्ट हातातून घालवू नकोस एवढंच मला खरं तर सांगायचंय, बाकी सगळं त्याच्याच आजूबाजूचं आहे.

माझ्याकडून ती एकदा गेली होती, ते तुला कधी सांगितलं नाही. आई गेली त्या वर्षीची गोष्ट, माझी धाकटी मुलगी तेव्हा अकराची होती. आई हॉस्पिटलात होती ते सगळे दिवस आम्ही रोज रात्री चौघं मिळून प्रार्थना करायचो आणि सगळ्यात मनापासून तीच करायची, अगदी डोळे घट्ट मिटून, आजीला बरं कर म्हणून. आजी गेली. त्यानंतर महिनाभराने असेल, झोपायच्या आधी मी तिला म्हटलं आज तू प्रार्थना कर, तर तिने पाठ केल्यासारखं "थँक यू प्रभू आजच्या दिवसासाठी" सुरू केलं आणि मध्येच थांबून म्हणाली, पप्पा मी खोटं बोलतेय. मला थँक यू वाटतच नाहीये. आणि मी काय केलं असेन? मी म्हटलं देवासमोर असं बोलू नये, प्रार्थना पूर्ण कर. तिने पूर्ण केली. आमेन म्हणाली, भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि त्यानंतर जवळपास दोन महिने ती रोज व्यवस्थित, एकही शब्द न चुकता प्रार्थना करत होती आणि मला वाटत होतं सगळं ठीक झालं.

बायको बोलली तेव्हा माझे डोळे उघडले. म्हणाली, तुम्ही तिला देवाशी खोटं बोलायला शिकवलंत. मला राग आला आधी, मग झोप आली नाही.

नंतर एका रात्री मी तिच्याजवळ बसलो आणि आधी माफी मागितली, म्हटलं त्या दिवशी तू खरं बोललीस आणि मी तुला गप्प केलं, माझं चुकलं. मग तेरावं स्तोत्र वाचून दाखवलं, छोटं आहे, सहाच वचनं. त्यात दावीद राजा देवाला विचारतोच ना, कुठवर, मला कायमचाच विसरणार आहेस का, तोंड किती दिवस लपवणार. ती उठून बसली आणि म्हणाली, हे बायबलमध्ये आहे? तिने स्वतः हातात घेऊन बघितलं. सहा-सात वर्षं संडे स्कूलला जात होती ती, दावीद-गल्याथाची गोष्ट पाठ, नोहाच्या तारवातली जनावरं पाठ, आणि बायबलमध्ये माणसं देवावर चिडतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेरावं निदान शेवटी शांत तरी होतं, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजेड नाहीच, आणि तरी ते शास्त्रात ठेवलंय, काढून टाकलेलं नाही. वधस्तंभावर खुद्द प्रभूच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. त्या रात्री तिने एका वाक्याची प्रार्थना केली, "मला तुझा राग आलाय." मी आमेन म्हटलं. इतक्या वर्षांत आमच्या घरातली ती सगळ्यात खरी प्रार्थना असेल असं मला वाटतं.

म्हणून म्हणतोय, त्याला शंका आहेत याची भीती बाळगू नकोस, त्या शंका घेऊन तो कुठे जातोय ते बघ. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठव, मुलाला घेऊन येशूकडे आलेला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" म्हणणारा. एका श्वासात दोन्ही. आणि येशूने त्याला आधी तुझा विश्वास पक्का कर मग ये असं म्हणून परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं. तसंच येशूचा शिष्य थोमा याचं, प्रभू पुन्हा उठलाय यावर मी नाही विश्वास ठेवणार असं आठवडाभर तो इतर शिष्यांना सांगत होता, तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला होता म्हणजे कुणी त्याला बाहेर काढलं नव्हतं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण बाहेर काढलं असतं तर प्रभू आला तेव्हा तो तिथे नसताच.

आपण दोघं ज्या पद्धतीने वाढलो ना, त्यात "देव बघतोय हं" हे वाक्य फार होतं. मीही मुलांना म्हटलंय, मोठा लहान असताना खोटं बोलला की मी हेच म्हणायचो. आता वाटतं की आपल्याला पोरांना धाक लावायचा असतो आणि आपण त्यासाठी देवाचं नाव वापरतो, आणि मग ते पोर मोठं होऊन आपल्यापासून लांब जायला बघतं तेव्हा देवापासूनही जातं कारण त्याच्या मनात आपण दोघं एकच असतो. प्रेषित पौल इफिसकरांना पत्र लिहितो तिथे आधी बापांना सांगतो मुलांना चिरडीस आणू नका, आणि शिस्त-शिक्षण त्याच्यानंतर येतं. दहा वेळा वाचलं होतं मी ते, पण त्यात मलाच सांगितलंय हे उशिरा कळलं.

बायबलमधल्या नीतिसूत्रांतलं ते बावीस-सहा वचन, जे प्रत्येक बाप्तिस्म्याला कुणीतरी म्हणतंच, आपण ते गॅरंटीसारखं वापरतो, लहानपणी शिकवलं की म्हातारपणी सोडणार नाही. पण आपल्या मराठी शास्त्रात शब्द काय आहेत बघ, "मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे". स्थितीस अनुरूप! म्हणजे ते पोर जसं आहे तसं आधी बघायला पाहिजे. तुझा मोठा हा विचार करणारा आहे, लहानपणी घड्याळ उघडून बसणारा, त्याला "असंच असतं" म्हणून चालणार नाही. माझ्या मोठ्याला तसं काही नव्हतं, तो गाण्यातून आला, कॉयरमध्ये उभा राहिला आणि त्याला बाकी काही लागलं नाही. धाकटी भांडून आली. एकाच घरात, एकच आई-बाप.

आणि अजून एक, बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सहावा अध्याय. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी या गोष्टी बोल, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच अध्यायात पुढे विसाव्या वचनात आहे की तुझा मुलगा तुला विचारेल, या नियमांचा अर्थ काय. म्हणजे मुलगा प्रश्न विचारणार हे धरूनच चाललंय ते, प्रश्न आला म्हणजे काही बिघडलं असं नाही. आणि बापाने उत्तर काय द्यायचं? नियम परत वाचून दाखवायचा नाही, "आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो" इथून सुरुवात करायची. आपली गोष्ट सांगायची, आपण कुठे अडकलो होतो आणि कसे बाहेर आलो ती. 'निर्गम' पुस्तकात वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या, रात्रीबद्दलही तेच आहे, मुलं विचारतील याचा अर्थ काय, तेव्हा सांगा. धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1529 मध्ये लहान प्रश्नोत्तरी लिहिली ती घरातल्या कर्त्या माणसाने घरच्यांना शिकवावी म्हणून, गावोगावच्या मंडळ्यांत फिरल्यावर त्याला दिसलं होतं की लोकांना साध्या दहा आज्ञा नि प्रभूची प्रार्थनाही धड येत नाही, आणि त्यातही एकेका आज्ञेनंतर तोच प्रश्न ठेवलाय, याचा अर्थ काय.

तर माझा प्रश्न तुला हा, त्याला तुझी गोष्ट माहीत आहे का? कॉलेजात असताना तू दीड-दोन वर्षं चर्चचं तोंड बघितलं नव्हतंस, मी होतो ना सोबत, मीही जात नव्हतो. मग काय झालं, कसा परत आलास, अजूनही कुठल्या गोष्टी तुला कळत नाहीत, हे त्याने तुझ्या तोंडून ऐकलंय का? मला वाटतं नसेल ऐकलं. माझ्या मुलीनेही बारा वर्षांची होईपर्यंत ऐकलं नव्हतं, तिला वाटायचं पप्पा जन्मापासून असेच.

आता प्रॅक्टिकल बोलतो, रविवारचं काय करायचं ते. माझं मत, घर म्हणून सगळे जातात तर तोही सोबत येऊन बसेल एवढं तू मागू शकतोस, आजीआजोबांकडे जाताना जसं मागतोस तसं. बायबलमधल्या एली याजकासारखं मुलांना पूर्ण मोकळं सोडून लांबून हळहळत बसणं हेही प्रेम नाही. पण गाणं म्हण, हात जोड, प्रभुभोजनाला उठ, हे अजिबात मागू नकोस. आणि दृढीकरणाचा, म्हणजे स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीचा, क्लास पुढच्या वर्षी आहे म्हणालास, त्यात ढकलू नकोस त्याला, पाळकसाहेब काही म्हणोत, नातेवाईक काही म्हणोत. तिथे तो मंडळीसमोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने देवाला वचन देणार, जे वाटत नाही ते बोलायला लावलं तर ते पहिलं वचनच खोटं. काही मंडळ्यांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतात, काहींत मोठं होऊन विचारपूर्वक, त्या वादात मला आता पडायचं नाही, पण दोन्हीकडे एक दिवस येतोच जेव्हा मुलाला स्वतः उत्तर द्यावं लागतं आणि बापाला बाकावर बसून फक्त ऐकावं लागतं. तो दिवस त्याचा आहे, दोन-चार वर्षं उशिरा आला तरी चालेल.

संत ऑगस्टीनच्या आईचं, मोनिकाचं, उदाहरण सगळे देतात म्हणून मी देणार नव्हतो, पण त्यातला एक भाग सहसा कुणी सांगत नाही. ऑगस्टीन चर्च सोडून मानी नावाच्या गुरूच्या पंथात गेला तेव्हा तिने त्याला आपल्या टेबलावर जेवायला बसवणंच बंद केलं होतं, त्यानेच लिहून ठेवलंय. मग तिला स्वप्न पडलं, ती एका लाकडी पट्टीवर उभी आहे आणि एक तेजस्वी तरुण सांगतोय, बघ, तू आहेस तिथेच तोही आहे, आणि त्यानंतर तिने त्याला परत घरात, जेवायला जवळ घेतलं. तेव्हा तो काही बदललेला नव्हता. पुढे एका बिशपकडे जाऊन ती रडली, माझ्या मुलाशी बोला, त्याचं खोडून काढा म्हणून, तर ते नाही म्हणाले, त्याला राहू दे, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल, तू फक्त प्रार्थना कर, मीही लहानपणी त्याच पंथात वाढलोय. बाप्तिस्मा झाला 387 मध्ये, तो बत्तीस वर्षांचा होता, म्हणजे स्वप्नानंतरही कितीतरी वर्षं तिला वाट बघावी लागली.

म्हणून घरातलं टेबल आधी सांभाळ. रविवारपेक्षा ते जास्त लागेल तुला.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या आईची, सुझानाची, एक गोष्ट मी उचलली आणि ती खरंच उपयोगी पडली. तिला एकोणीस मुलं झाली, जवळपास निम्मी तान्हेपणीच गेली, पण उरलेल्यांपैकी घरी असलेल्या मुलांना तिने आठवड्यातल्या संध्याकाळी वाटून दिल्या होत्या, जॉनची गुरुवार. तो मोठा झाल्यावर, ऑक्सफर्डला शिकवत असताना, 1732 मध्ये त्याने आईला लिहिलं की माझ्यासाठी तेवढा गुरुवारचा वेळ परत काढ. मुलाची इच्छाशक्ती आधी मोडली पाहिजे असं तिचं मत होतं ते मला मुळीच पटत नाही, पण ती संध्याकाळ पटते. मी धाकटीसाठी बुधवार धरला. पहिले काही आठवडे ती फक्त शाळेबद्दल बोलायची, मी शास्त्र काढलंच नाही, मग एकदा तिनेच विचारलं की दुःख असेल तर देव चांगला कसा. मला उत्तर आलं नाही. तेच सांगितलं तिला, आणि बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, निर्दोष माणसाच्या दुःखाबद्दलचं, सोबत वाचायला घेतलं, मध्ये मध्ये सोडून, चार-पाच महिने चाललं.

ती आता सतराची आहे. विश्वास आहे का तिचा? आहे, पण माझ्यासारखा नाही, ती अजूनही भांडते आणि काही प्रार्थना अजूनही म्हणत नाही. तुझ्या मुलाबद्दल तिला सांगितलं, चालेल ना, तर म्हणाली काकांना सांगा त्याला उत्तरं देऊ नका लगेच. मग थोड्या वेळाने परत आली आणि म्हणाली त्याला हवं असेल तर माझ्याशी बोलू दे. नंबर पाठवतो तिचा, त्याला नुसता दे, आग्रह करू नकोस.

मी तुम्हा चौघांची नावं रोज रात्री घेतोय, त्याचं आधी. शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे, फोन कर, कितीही वेळ बोलू. आणि त्याआधी त्याच्या खोलीत जाऊन एवढंच सांग की तू मला खरं सांगितलंस ते बरं केलंस.

तुझाच