दिन्यास, कलम ३च्या निमित्तानं

बेळगाव, रविवार

प्रिय दिन्या,

आधी शिव्या देऊन घे. दोन वर्षं फोन नाही, काकू गेल्या तेव्हा आलो नाही, आणि आता एकदम पत्र. प्रकृती ठीक. साखर आहे, गोळी घेतो, भात सोडलेला नाही. झालं.

लिहायला बसलो कारण परवा एका मुलीनं मला तुझा तो वेगळ्या विदर्भाचा प्रश्न विचारला. शब्दशः तुझा. फक्त त्यात 'बे' नव्हतं.

इथल्या एका लॉ कॉलेजात पाहुणा म्हणून तास होता, विषय संघराज्य. मी नेहमीचा पाढा सुरू केला. घटनेच्या कलम ३ खाली संसद राज्याच्या सीमा बदलते, साधं बहुमत पुरतं. विधिमंडळाचं मत मागवायचं, पण ऐकायलाच हवं असं नाही. कलम ४ तर याला घटनादुरुस्तीसुद्धा मानत नाही. मग याच कलमावरचा पराते खटला. १९५६ च्या विधेयकात मुंबई राज्याचे तीन तुकडे होते, त्यावर विधिमंडळाचं मत घेतलं, आणि संसदेनं नंतर सगळ्यांची मोट बांधून मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य करून टाकलं. पुन्हा विचारायची गरज नव्हती, असं सुप्रीम कोर्ट १९५९ साली म्हणालं. मग तेलंगण. आंध्रच्या विधानसभेनं विधेयक नाकारलं तरी २ जून २०१४ ला राज्य झालंच. आणि मग रंगात येऊन जम्मू-काश्मीर काढलं. २०१९ साली मत द्यायला विधानसभाच नव्हती, तर तिच्या वतीनं ते संसदेनंच दिलं. आपणच विचारायचं, आपणच मान डोलवायची! डिसेंबर २०२३ च्या निकालात कोर्टानं तेही चालवून घेतलं. अख्ख्या राज्याचा केंद्रशासित प्रदेश करता येतो का, हा खरा प्रश्न मात्र राज्याचा दर्जा परत देऊ या सरकारच्या शब्दावर तसाच ठेवला. "याला संघराज्य म्हणायचं?" मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला.

मागच्या बाकावरून धारवाडकडची एक मुलगी उठली. "सर, बेळगाव महाराष्ट्रात न्यायला तुम्हाला हेच कलम लागणार ना? कर्नाटकाचं न ऐकता?" वर्ग हसला. मी म्हटलं, आमचा आधार लोकेच्छेचा आहे. ती म्हणाली, "मग नागपूरला का नाही, सर?"

दिन्या, हिला तू पाठवलं होतंस का?

मार्च ९४ आठव. राष्ट्रपती राजवटीवरचा बोम्मईचा निकाल आला त्या रात्री मी मेसमध्ये खुर्चीवर उभा राहून ओरडलो होतो, संघराज्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग! सरकारं उठसूट बरखास्त करता येणार नाहीत! तू वरणाचा भुरका मारत म्हणालास, "बोम्मई तं कर्नाटकचेच ना बे? वाट त्याच्या नावानं पेढे." आणि मग ते दुसरं: "तुले अंदर याचं हाय, मले बाहेर जाचं हाय, दरवाजा एकच हाय बे." मी पळी फेकली, ती पाध्येला लागली. पाध्ये अजून ती खूण दाखवतो. खोटारडा, ती कांजिण्यांची आहे.

गंमत बघ, राज्यांची फेररचना सुचवणाऱ्या फजल अली आयोगाच्या एकाच अहवालानं दोघांची वाट लावली. त्यात विदर्भाला वेगळं राज्य सुचवलं होतं, ते संसदेनं दिलं नाही. आणि चंदगड सोडून बेळगाव जिल्हा कर्नाटकाकडे सुचवला होता, तो मात्र निमूट दिला. तुझं काढून घेतलं, माझं देऊन टाकलं. दोन्ही साध्या बहुमतानं.

बाबांचं तुला माहीतच आहे. १ नोव्हेंबरला, बेळगाव तिकडे गेलं त्या दिवशी, काळी फीत, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं. २००४ साली महाराष्ट्रानं कलम १३१ खाली, थेट सुप्रीम कोर्टात, सीमेचा दावा लावला तेव्हा त्यांनी ते कात्रण देव्हाऱ्यात ठेवलं होतं, आईनं हळदीकुंकू लावेपर्यंत कुणाच्या लक्षात नाही. पुढं प्रत्येक तारखेला विचारायचे, "काय झालं रे?" वकिलाच्या घरात तारखेची वाट बघणारा बाप. कर्नाटकाचं म्हणणं, सीमा हा संसदेचा विषय, कोर्टाला अधिकारच नाही. मी बाबांना सांगायचो, टिकणार नाही ते. आणि रात्री एकटा फायली चाळताना वाटायचं, टिकलं तर? कोर्टानं उद्या आपल्या बाजूनं सांगितलं तरी नकाशावरची रेघ दिल्लीच ओढणार ना? हे त्यांना कधी बोललो नाही. ते गेले तेव्हाही दावा उभाच होता.

आता त्या मुलीमुळे झोप उडाली आहे. सीमा ठरवायचं पाटसकर सूत्र मी तोंडपाठ म्हणतो: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. पहिली तीन मला बेळगावसाठी हवीत. चौथं घेतलं की तू दारात उभा. तीस वर्षं मी तुला म्हणत आलो की भाषा एक असताना वेगळं राज्य कशाला. म्हणजे लोकेच्छा माझी असेल तर हक्क, तुझी असेल तर फुटीरपणा. तेलंगण झालं त्या दिवशी तू आनंदानं फोन केलास आणि मी "महाराष्ट्र तोडणारे" म्हणून ठेवून दिला. ते मला बोलायला नको होतं. विदर्भ वेगळा व्हावा असं मला आजही वाटत नाही, हे लिहूनच ठेवतो, नाहीतर तू हे पत्र फ्रेम करशील. पण तो ठरवायचा अधिकार माझा नाही, आणि तुम्हाला न विचारता दिल्लीचाही असू नये. मग बेळगावातल्या कन्नड घरांना न विचारता माझा तरी कसा? इथं येऊन गाडी अडते. बाबा असते तर हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारलं असतं का? नाही.

तास संपल्यावर ती मुलगी जवळ आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "राग आला का, सर?" आई निपाणीची आहे म्हणे. मी म्हटलं, पुढच्या सोमवारी उत्तर देतो. आज रविवार.

तुझं कसं चाललंय? सुमेध बंगलोरला लागला असं पाध्येकडून कळलं. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? घराचा वरचा मजला भाड्यानं दिलास की तसाच?

काकूंच्या वेळी मी खरंच निघालो होतो, मिरजेपर्यंत आलो आणि परत फिरलो. का, ते भेटल्यावर. कुंद्याचा डबा पाठवतोय, संत्र्याच्या बर्फीची परतफेड नकोय. रात्री नऊनंतर फोन कर, सोमवारच्या आत. तू तिला काय सांगितलं असतंस, तेवढं सांग.

तुझा
बाळू